मांडीचं हाड आणि चार पोती साखर

आज दुपारी मैत्रिणीबरोबर हडपसरला सिनेमा पाहिला. चप्पल घातलेल्या हिरोने एका लाथेत गुंडाच्या मांडीचं हाड मोडलं. प्रेक्षकांना मूर्ख समजतात.

मी मोठ्याने म्हणाले, "अहो, ते हाड मोडायला किमान चार पोती साखर वरून पडायला हवी."

मैत्रीण म्हणाली, "अहो कुणाला गं? आणि कसली पोती?"

आमचे हे साखर कारखान्यात इंजिनियर होते. पडद्यावरच्या मारामारीचा जोर पोत्यांत सांगायचे. मी कॉन्व्हेंटची. दर वेळी मी त्यांना फटकारायचे, "न्यूटन म्हणा. आपण काय हमाल आहोत?"

"बरं, बाईसाहेब. चार पोती न्यूटन."

त्यांना जाऊन तीन वर्षं झाली. आज मी आपणहून पोती म्हणाले, आणि जिंकल्यासारखं हसायला ते नव्हते.

तुम्ही आयुष्यभर दुरुस्त केलेला कुणाचा शब्द आता तुमच्या तोंडी येतो?