कोऱ्या चहाच्या मॅडम

आमच्याकडं दारात माणूस आलं की आधी पाणी आणि मग चहा. त्यात विचारण्यासारखं काही नसतं. मॅडम मात्र विचारायच्या. ओट्यावर टेकल्या की चहा ठेवायला निघालेल्या बाईला म्हणायच्या, "गाईला इंजेक्शन कधी दिलं होतं?" कास सुजली म्हणून परवाच दिलं, असं उत्तर आलं की अगदी सहज सांगायच्या, "मग मला कोरा टाका. आणि औषधाच्या खोक्यावर लिहिलेत तेवढे दिवस तुम्ही पण कोराच प्या. ते दूध डेअरीला घालू नका, सांडून टाका." सुरुवातीला बायांना राग यायचा. आपल्या घरच्या दुधाला नाव ठेवलं असं वाटायचं. पुढं सवय झाली. वाडीच्या वळणावर त्यांची स्कूटर दिसली की कुणीतरी आत आवाज द्यायचं, "कोऱ्या चहाच्या मॅडम आल्या गं." पशुवैद्यकीय दवाखान्याच्या पाटीवर त्यांचं नाव पदवीसकट लिहिलेलं होतं, पण ते फार थोड्यांना ठाऊक असेल.

माझं मंचरला जनावरांच्या औषधांचं दुकान आहे, वडिलांपासूनचं. मॅडमची बदली आमच्या तालुक्यात झाली त्याच आठवड्यात त्या दुकानात आल्या. अंगानं बारीक, केसांत थोडी पांढरी रेघ, हातात कापडी पिशवी. मला वाटलं, शेळीसाठी जंताचं औषध न्यायला कुणी बाई आली. त्यांनी कपाटांवरून नजर फिरवली आणि विचारलं, "यातलं डॉक्टरच्या चिठ्ठीवर किती जातं?"

मी हसून म्हणालो, "चिठ्ठी कोण आणतंय मॅडम? माणसं चिठ्ठी आणत नाहीत, तर कोंबड्यांची कोण आणणार?"

त्यांनी वाद घातला नाही. स्टूल ओढून घेतलं आणि तासभर बसून राहिल्या. तेवढ्यात निरगुडसरचा नामदेव आला. त्याची दोन शेडांची पोल्ट्री. म्हणाला, "भाऊ, ती मागची पांढरी पावडर द्या की. कोंबड्या लई सुस्त हायेत."

मी पाकीट काढणार, तोच स्टुलावरून प्रश्न आला, "मेल्या किती?"

"मेली एक बी न्हाई. पण खात नाय नीट."

"मग चला, आधी बघू या."

संध्याकाळी त्या परत दुकानात आल्या, फक्त मला सांगायला. शेडमधली पाण्याची लाइन गळत होती. खाली अंथरलेलं भाताचं तूस भिजून कुजलं होतं, आत डोळे चुरचुरत होते. लाइन दुरुस्त केली, तूस बदललं, पडदे वर केले. "औषधाची गरज नव्हती," त्या म्हणाल्या, "तुमचं एक पाकीट बुडालं, भाऊ." असं म्हणताना त्यांच्या चेहऱ्यावर खट्याळपणा होता, पण मला तो तेव्हा आवडला नाही.

अशी पाकिटं पुढं बरीच बुडाली. गावोगाव फिरून त्या सांगायच्या, "आजाऱ्याला औषध, निरोग्याला स्वच्छता. उलटं करू नका." ही त्यांची आवडती ओळ. शाळेत, दूध संकलनाच्या रांगेत, लग्नाच्या मांडवात, कुठंही म्हणायच्या. पोल्ट्रीवाल्यांची पंचाईत अशी, की कोंबडी आजारी पडू नये आणि वजन लवकर धरावं म्हणून पहिल्या दिवसापासून पाण्यातून ही पावडर, म्हणजे जंतू मारायचं औषध, द्यायची रीत पडली होती. ती रीत पाडण्यात आम्हा दुकानदारांचाही हात होता. शेवटी आम्ही चार दुकानदारांनी मिळून वर अर्ज केला, की या बाई लोकांना घाबरवतात, यांची बदली करा. मजकूर मी लिहिला. पहिली सही माझी. अर्जाचं पुढं काही झालं नाही. मॅडम नेहमीसारख्या दुकानात येत राहिल्या आणि मला भाऊ म्हणत राहिल्या.

मटण बाजारातली त्यांची रीत आणखी वेगळी. आठवडी बाजाराच्या टोकाला मटणाची चार-पाच दुकानं होती. बकरं जमिनीवरच कापायचं, तिथंच सोलायचं, पाणी एकाच बादलीतलं. आधीचे साहेब येऊन दम देऊन जायचे आणि ते गेले की पुन्हा तेच. मॅडमनी कुणालाही दम दिला नाही. तिथले सर्वांत म्हातारे खाटीक, त्यांना सगळे मामू म्हणत, त्यांच्याशी त्या नुसत्या गप्पा मारायच्या. एके दिवशी मामूंनी बकरं आकड्याला टांगून सोललं आणि वरून जाळी टाकली. मॅडमनी सगळ्यांच्या देखत पिशवी पुढं केली, "मामू, अर्धा किलो द्या." पुढच्या बाजारापासून सरकारी कचेरीतली माणसं, शाळेतले गुरुजी मामूंकडंच उभे राहायला लागले. महिन्याभरात बाकीच्यांनीही आकडे बसवले.

बकऱ्याच्या काळजावर, म्हणजे कलेजीवर, कधी कधी पाण्याचे फोड असतात. मामू तेवढा भाग कापून बाजूला टाकायचे आणि कुत्री वाटच बघत असायची. मॅडमनी मामूंचा हात धरला. म्हणाल्या, "कुत्र्याला टाकलं, म्हणजे आपल्याच ताटात वाढलं." मग समजावून सांगितलं. त्या फोडात किडा असतो. तो कुत्र्याच्या पोटात वाढतो, त्याची अंडी विष्ठेतून बाहेर पडतात, भाजीला, पोरांच्या हाताला लागतात, आणि मग तसाच फोड माणसाच्या काळजात धरतो. मामूंनी सुरी खाली ठेवली. मग म्हणाले, "मॅडम, चाळीस वर्षं मी कुत्र्यांना जेवू घालतोय असं समजत होतो." त्याच दुपारी दुकानामागं खड्डा खणला गेला. पहिली कुदळ मॅडमनी मारली. पदर खोचून त्या खणत होत्या आणि सगळा बाजार बघत होता.

एकदा त्यांनी मला मोबाइलवर एक फोटो दाखवला. काचेची बशी, तिच्यात पिवळसर थर, आणि त्या थरावर शर्टाच्या बटणाएवढ्या पांढऱ्या चकत्या. "ही आपल्या तालुक्यातल्या कोंबडीच्या आतड्यातली जंतूंची वाढ," त्या म्हणाल्या, "आणि प्रत्येक चकतीत एकेक औषध आहे. औषध चालत असेल तर चकतीभोवती गोल कोरी जागा राहते. जंतू तिथं येत नाहीत. आता मोजा."

मी बघितलं. आठ चकत्या. एकीभोवती बारीक गोल. बाकीच्या सातांना थर अगदी चिकटून होता, विहिरीच्या दगडाला शेवाळ चिकटतं तसा.

"कोंबड्यांचं आहे ना पण हे?" मी विचारलं.

"हो. रोज पाण्यातून औषध पिऊन पिऊन हे जंतू त्याला सरावलेत. आणि माणसांसाठी देवानं वेगळी औषधं कुठं केलीत, भाऊ? खोक्यावरचं चित्र तेवढं वेगळं असतं."

मी फोन परत दिला आणि गिऱ्हाइकाकडं वळलो. त्या दिवशीही मी पावडर विकली. हे लिहिताना लाज वाटते, पण खरं आहे ते लिहायला पाहिजे.

मग तो पावसाळा आला. महाळुंगे पडवळच्या एका शेडमध्ये अचानक कोंबड्या मरायला लागल्या. मॅडम गेल्या, मेलेल्या कोंबड्या उघडून पाहू लागल्या. बरगडीचं टोक हातमोज्यातून उजव्या हाताच्या अंगठ्याजवळच्या बोटात घुसलं. त्यांनी लगेच हात धुतला, औषध लावलं, काम संपवलं. तिसऱ्या दिवशी हात मनगटापर्यंत सुजला होता. आमच्या इथल्या डॉक्टरांनी औषध दिलं, उतार नाही. दुसरं दिलं, उतार नाही. ताप चढत गेला तसं त्यांना पुण्याला नेलं.

ते शेड माझं गिऱ्हाईक होतं. चार वर्षं दर बॅचला त्यांची पावडर माझ्याकडून जात होती. ही गोष्ट मला आणि त्या शेडवाल्यालाच माहीत होती, निदान मी तसं समजत होतो. आठवड्यानं मी पुण्याला गेलो. दुपारची वेळ, वॉर्डात गर्दी. मॅडम खाटेवर उशीला टेकून बसल्या होत्या, हाताला मोठं बँडेज. बोट काढावं लागलं होतं. तपासणीत सगळ्या औषधांतलं एकच चालणारं निघालं आणि ते सलाइनमधून चालू होतं.

मी घेतलेली मोसंबी खाली ठेवली आणि म्हणालो, "मॅडम, त्या शेडला पावडर माझ्याकडून जायची."

"माहितंय."

मी मोसंबी खाटेखाली सरकवली. त्याच म्हणाल्या, "त्या अर्जावर पहिली सही तुमची होती, ते पण माहितंय. अक्षर छान आहे तुमचं."

"मग मला कधी बोलला का नाहीत?"

"बोलले असते तर तुम्ही काही बदलला नसता. मला यायचं बंद करावं लागलं असतं, एवढंच." त्यांनी डाव्या हातानं पाण्याचा ग्लास उचलला, थोडं पाणी चादरीवर सांडलं. "आणि हे बघा, हा जंतू त्याच शेडमधला, तुमच्याच पावडरीनं पोसलेला, असं मला छातीठोक सांगता येणार नाही. असे जंतू पाण्यात असतात, मातीत असतात, या दवाखान्यात पण असतात. तेव्हा उगीच ओझं घेऊ नका. घ्यायचंच असेल तर काम घ्या."

मी बाहेर येऊन जिन्यात बसलो. पन्नाशीचा माणूस, पण रडलो.

सुट्टी मिळाल्यावर त्यांना गावी सोडायला मीच गाडी काढली. तोवर मला माहीत नव्हतं की त्या घाटघरच्या. जुन्नर सोडून पश्चिमेला गेलं की डोंगर दोन्ही बाजूंनी जवळ येतात आणि भाताची खाचरं सुरू होतात. त्यांच्या आईनं अंगणात येऊन बँडेज सोडायला लावलं. हात उलटा-सुलटा करून बघितला. म्हणाली, "येक बोट गेलं व्हय? हात हाय ना. भाताची आवणी व्हईल." आणि आत जाऊन नाचणीची भाकरी थापायला बसली.

जेवताना म्हातारी मला सांगू लागली. मॅडम सहा-सात वर्षांच्या असताना वाडीतलं एक बकरं उभ्या-उभ्या मेलं, नाकातून रक्त आलं. ते फेकायचं कसं, म्हणून कापून घरोघरी वाटलं. ज्यानं कापलं तो मॅडमचा मामा. त्याच्या हातावर काळा फोड आला आणि जुन्नरला पोचायच्या आत तो गेला. "असलं बकरं उघडायचं न्हाई, खोल पुरायचं, हे तवा आमाला कोण सांगणार व्हतं, पावणं?" म्हातारी म्हणाली. मॅडम खाली मान घालून डाव्या हातानं भाकरी मोडत होत्या. इतक्या वर्षांत ही गोष्ट त्यांनी आम्हाला कधी सांगितली नव्हती.

परत आल्यावर मी पावडरीचे खोके दुकानातून काढून कंपनीला परत पाठवले आणि दारावर पाटी लावली, की चिठ्ठीशिवाय ही औषधं मिळणार नाहीत. निम्मी गिऱ्हाइकं समोरच्या दुकानात गेली. बायको म्हणाली, "त्या मॅडमचा पगार महिन्याला येतो. आपलं काय?" तिचं चुकीचं नव्हतं. दोन वर्षं ओढाताणीची गेली. पण नामदेव राहिला. त्याच्या कोंबड्या औषधाशिवाय वजन धरतात हे बघून आणखी काही जण आले. ते आता चुना, तूस, पाण्याची लाइन धुवायचं औषध, लस असलं सामान नेतात. मॅडम चार बोटांनी सुरी धरायला शिकल्या. अक्षर मात्र बिघडलं. त्यांच्या चिठ्ठ्या वाचता याव्यात म्हणून मी चष्म्याचा नंबर बदलला, असं मी गमतीनं म्हणायचो.

पुढं त्यांची बदली झाली, लांब, दुसऱ्या जिल्ह्यात. यावेळी बदली करा म्हणून अर्ज कुणीच केला नव्हता. बदली रद्द करा म्हणून मात्र केला, आणि त्यावर मामूंचा अंगठा होता. उपयोग झाला नाही. जाताना त्यांनी दुकानात येऊन सगळ्या कपाटांवरून एकदा नजर फिरवली आणि स्कूटर चालू केली.

गेल्या हिवाळ्यात माझी सून मंचरलाच बाळंत झाली. पोट उघडून मूल काढावं लागलं. चौथ्या दिवशी तिला ताप भरला, टाक्यांतून पू यायला लागला. डॉक्टर तरुण होते. म्हणाले, "नमुना तपासायला पाठवलाय. रिपोर्ट येईपर्यंत साधंच औषध सुरू करतो." मुलगा म्हणाला, "काय नाय होत, दादा, साधं इन्फेक्शन हाय." घरातली बाकी माणसं बाळाच्या कौतुकात होती. मी मात्र दवाखान्याच्या बाकावरून हललो नाही. मला ती काचेची बशी दिसत होती. माझ्या हातानं किती पाकिटं गेली असतील या तालुक्यात, याचा हिशेब मनातून जाईना.

दुसऱ्या दिवशी ताप उतरला. तिसऱ्या दिवशी टाके कोरडे झाले. रिपोर्ट आला, त्यात जवळजवळ सगळीच औषधं चालणारी होती. सून उठून बसली आणि तिनं पोरीला पाजायला घेतलं. कुणालाच त्यात नवल वाटलं नाही. साधं औषध दिलं आणि ते लागू पडलं.

मी बाहेर रस्त्यावर आलो आणि मॅडमना फोन लावला. त्या कुठल्याशा गोठ्यात असाव्यात, मागं म्हैस रेकत होती. मी सगळं सांगितलं. शेवटी म्हणालो, "मॅडम, साधंच औषध लागू पडलं."

पलीकडं म्हशीचं रेकणं लांब गेलं, त्या गोठ्याबाहेर आल्या असाव्यात. मग त्या म्हणाल्या, "परत सांगा."

मी परत सांगितलं.