काजळी की तेल

चौल सोडलं आणि आमच्या जुन्या व्हॅनने परत आचके द्यायला सुरुवात केली. मागच्या खेपेला अशीच बंद पडली, तेव्हा यांचं डायलिसिस चुकलं होतं. आता पाय असे सुजलेले की चपलेत जाईनात, आणि दोन शब्द बोलले की धाप. अलिबागच्या दवाखान्यात वेळेत पोचलो नाही तर डायलिसिसची खुर्ची दुसऱ्याला देतात. त्यांचं तरी काय चुकतं, बाहेर माणसं बसलेलीच असतात.

गाडी कडेला घेतली. येणाऱ्या रिक्षांना हात करून बघितला. ड्रायव्हरच्या मांडीला मांडी लावून माणसं बसलेली. एकही थांबली नाही.

या व्हॅनचं इंजिन पुढच्या सीटखाली. म्हणजे बघायचं तर आधी यांनाच उतरवायला हवं. धरून धरून एका वाडीच्या दगडी गडग्यावर टेकवलं. इतकी वर्षं गाडी त्यांनीच चालवली, त्यांनीच खोलली; मी शेजारी बसून पाने हातात देत आले. त्यातून जे कळलं तेवढंच माझं शिक्षण.

इंजिन चालू ठेवून कोरड्या फडक्याने प्लगची एकेक वायर काढून बघितली. पहिली काढली, इंजिन आणखी अडखळलं. दुसरी, तसंच. तिसरी काढली तर फरकच नाही. म्हणजे तोच मेलेला.

"तिसरा गेलाय," मी म्हटलं.

"खोल. काळा असंल," गडग्यावरून हे. "काजळी हाय का तेल, त्ये बघ."

तेच तर भय होतं. तेल असेल तर इंजिन आतून झिजलेलं, गाडी भंगारात. मग आठवड्यातून तीनदा यांना कशातून नेऊ? काजळी असेल तर पेट्रोल जास्त जातंय, त्याला उपाय असतो. इंजिन बंद करून प्लग खोलला. माझ्या डोळ्यांना नीट कळेना. फुंकून फुंकून जरा निववला आणि फडक्यात धरून त्यांच्यापुढे नेला. त्यांनी बोट फिरवलं, चिमटीत चोळलं, हुंगलं.

"कोरडी हाय. काजळी." मग माझ्याकडे बघून, "चोक वढून चालवतेस व्हय?"

"मी कशाला ओढू? सकाळी गाडी सुरू झाली की आत ढकलते."

"जा, बघून ये."

बघितलं. चोकचं बटण अर्धं बाहेर. आणि त्याला अडकवलेली माझी पिशवी, पाण्याच्या बाटलीसकट. यांना पाणी मोजून द्यायचं; हाताशी असलं की चोरून पितात, म्हणून मी ती माझ्या बाजूला टांगायची. खड्ड्याखड्ड्याला त्या वजनाने चोक बाहेर येत गेलेला, आणि इंजिनात पेट्रोल जास्त जात राहिलेलं.

"मला घोटभर पानी न्हाय," हे म्हणाले, "अन् गाडीला पेट्रोल पाज पाज पाजलंस." हसले, आणि त्या हसण्याने असा खोकला लागला की मला वाटलं, संपलं, इथेच.

काडेपेटीच्या कडेवर प्लग घासला, बसवला. पिशवी काढून चोक आत ढकलला, यांना परत बसवलं. गाडी सुरळीत चालायला लागली. पण अलिबागला पोचलो तोवर आमची खुर्ची गेली होती. बसून राहिलो. यांचा श्वास ऐकत बसण्याशिवाय काही काम नव्हतं. दुपारी सिस्टरने हाक मारली. कोपऱ्यातली खुर्ची रिकामी होती. तिथे नेहमी असणाऱ्या बाई आल्या नव्हत्या. का, ते आम्ही दोघांनीही विचारलं नाही.

परत येताना पिशवी यांच्या मांडीवर दिली. वाटेत बाटलीचं झाकण फिरल्याचा आवाज आला. मी रस्त्याकडेच बघत राहिले.