नारूचा निबंध आणि माझी अदब

माझ्या थोरल्या भावाचं शास्त्रीय संशोधन मी एकट्याने, अत्यंत सुवाच्य अक्षरात बुडवलं. चाळीस वर्षं हे सांगायचं टाळलं.

दादा धर्मापुरीला मास्तर होता. निजामाच्या राज्यात आमच्याकडे पायातून नारू निघणं उन्हाळ्याइतकंच नेमाचं! हातभर पांढरा किडा. काडीला गुंडाळून रोज बोटभर ओढायचा. दादाने तीन वर्षं घरोघर फिरून टिपणं केली: बारवेचं पाणी दुहेरी फडक्यातून गाळून पिणाऱ्यांना नारू होत नाही.

"मास्तर, धोतर रांजणाला बांधलं तर नेसायचं काय?" गाव हसलं.

"छापून आलं की ऐकतेत बघ," दादा मला म्हणाला.

मद्रासच्या एका शास्त्रीय मासिकाला निबंध पाठवायचा ठरला. घरात इंग्रजी मलाच येई (म्हणजे, येतं असं मी सांगत असे). केजच्या तहसील कचेरीबाहेर बसून मी लोकांचे अर्ज लिहून देई.

"जसंच्या तसं उतरव. तुझं काय घालू नगंस."

"दादा, सायबाला असं उघडंनागडं लिहितेत व्हय? अदब पायजे!"

कचेरीचा रिवाज मला पाठ. सुरुवातीला 'हा नाचीज, अडाणी, पायाची धूळ'. शेवटी 'वर लिहिलेलं सर्व माझ्या अज्ञानाची चूक समजून हुजुरांनी माफी करावी.' या शेवटावर मी कितीक कैदी सोडवले होते! तोच निबंधाला जोडला. दादाने विश्वासाने सही ठोकली.

दोन महिन्यांनी उत्तर आलं : 'सर्व चूक आहे असं लेखक स्वतःच म्हणतात. आम्हांला त्यांच्याशी वाद घालायचा नाही.'

"काय म्हनतेत?"

"चूक हाय म्हनतेत." 'लेखक स्वतःच' तेवढं मी गाळलं.

"सगळंच?"

"सगळंच."

दादा शास्त्र मानणारा माणूस. त्याने तिथल्या तिथे वहिनीला हाक मारली. "रांजणाचं फडकं काढ. खोट्याचं सोंग कशापायी करायचं?"

पुढच्या उन्हाळ्यात त्याच्याच पोटरीतून नारू निघाला. ओढताना तुटला. पाय सडला. तापात मला म्हणाला, "टिपून ठेव. गाळनं सोडलं, अन् वर्षाच्या आत निघाला. म्हंजी... माझंच खरं व्हतं का रे?"

हजारो माफीनामे लिहिणारा मी, उशाशी बसून सुरुवात जुळवत होतो. 'हा नाचीज, अडाणी...' आयुष्यात पहिल्यांदाच त्यातला शब्द न् शब्द खरा होता. पण अदबीने कसं म्हणावं हे ठरेपर्यंत दादा गेला.