खिडकीतून धरलेली जागा

माझा स्वभाव संशयी आहे, हे आधीच सांगून टाकते. दुधाने तोंड पोळलेला ताकही फुंकून पितो म्हणतात. मी पाणीसुद्धा फुंकून पिते. चौदाव्या वर्षी मला पहिली फिट आली. ज्याला स्वतःच्या शरीराचाच भरवसा नाही, तो इतरांवर कसला ठेवणार? सकाळ-संध्याकाळच्या गोळीमुळे गेली तीन वर्षं मात्र फिट आली नव्हती. त्या बळावर घरच्यांशी भांडून मी एकटी निघाले. पाठीवर एक सॅक, मुक्कामाला घरगुती खोल्या, आणि विजयदुर्गापासून शिरोड्यापर्यंत किनाऱ्याकिनाऱ्याने एसटीचा प्रवास.

या प्रवासात मी समुद्र कमी पाहिला आणि माणसांचे हातच जास्त. खोलीवाल्या काकूंनी न मागता सोलकढी वाढली तरी वाटायचं, हिला नक्की काय हवंय? देवळात चपला पिशवीत घालून आत न्यायचे. देवालाही नमस्कार करायचे तो आपला असावा म्हणून.

मालवणच्या स्टँडवर दुपारी एक गाडी उभी होती, पाटी वेंगुर्ल्याची. दारात ही झुंबड. सगळे करतात तसं मीही खिडकीतून सॅक आत ढकलली आणि जागा धरली. बाजूला आबोलीचे वळेसर, म्हणजे गजरे, विकायला बसलेली एक मावशी म्हणाली, "बाय गो, ही गाडी देवगडाक जातली. पाटी बदलूक नाय अजून." मला वाटलं, हिच्याच कुणालातरी खिडकी हवी असणार. म्हणून खात्री करायला मी चौकशीच्या खिडकीकडे गेले. मावशीचंच खरं निघालं. वळून पाहते तो गाडी माझी सॅक घेऊन फाटकाबाहेर पडली होती.

गोळ्या सगळ्या त्या सॅकमध्ये, कुलूप लावून ठेवलेल्या. पुढची गोळी संध्याकाळी सातला. चौकशीतल्या साहेबांनी कंडक्टरला फोन लावला, पण रेंज नव्हती. औषधांची दोन दुकानं पालथी घातली. "ही कणकवलीत मिळेल कदाचित," एवढंच कळलं. गोळी चुकली की काय होतं ते मी भोगलेलं आहे. परक्या गावात, रस्त्यावर, अनोळखी माणसांच्या घोळक्यात पडण्याची मला भयंकर भीती वाटत होती. सॅक आतापर्यंत कुणीतरी लांबवली असणार याची तर मला खात्रीच होती, आणि त्या न पाहिलेल्या चोराला मी मनातल्या मनात शिव्याशाप देत होते.

मावशीने टोपली उचलली. "चल, देवाक गाऱ्हाणा घालूया." आता नारळ, ओटी, दक्षिणा असं एकेक निघणार, असं मनात म्हणत मी तिच्यामागून स्टँडमागच्या लहानशा देवळात गेले. कुणी काहीच मागितलं नाही. गुरवाने माझी हकीकत ऐकली, देवासमोर उभा राहिला आणि मोठ्याने बोलू लागला, "बा देवा म्हाराजा, ह्या परमुलखातल्या लेकराची पिशवी वाटेक गेली हा. जेच्या कोणाच्या नजरेक पडात, तेका बरी बुद्धी दी. जो कोण ती घेवन येयत, तेच्या घरादाराचा, गुराढोरांचा बरा कर, रे म्हाराजा!" मावशी आणि तिथले दोघेतिघे एका सुरात म्हणाले, "व्हय म्हाराजा!"

मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. ज्याला मी चोर ठरवलं होतं, त्याच्या गुराढोरांचंही ही माणसं भलं मागत होती. माझे हात जोडले गेले, आणि या वेळी ते नुसते आपले असावेत म्हणून नव्हते.

सहाच्या सुमारास आचऱ्याकडून एक गाडी आली. तिच्यातून एक म्हातारे काका उतरले, गुडघ्यावर हात दाबत. खांद्यावर माझी सॅक. "जागा धरलेली होती, म्हणून कोण बसलो नाय. मी बाजूकच उभो होतंय," ते म्हणाले. त्यांचं गाव आलं तरी सॅकचं माणूस आलं नाही. सॅकच्या बाहेरच्या जाळीत गोळ्यांचं एक रिकामं पाकीट होतं. दुकानदार भलतीच गोळी देईल या धास्तीने मी ते जवळ बाळगते. ते दाखवून काका म्हणाले, "ह्या बघितलंय आणि माका ऱ्हवाक नाय. माझ्या चेडवाक हीच गोळी होती. एक दिवस चुकली."

चेडू म्हणजे मुलगी, एवढं मालवणी मला कळत होतं.

"आधी गोळी घे," ते म्हणाले. "माझ्या समोर घे." मावशीने पाण्याची बाटली पुढे केली. मी ते पाणी न फुंकता प्यायले. गोळी घशाखाली उतरेपर्यंत काका माझ्याकडे एकटक बघत होते. मग डोळे पुसले आणि आपल्या गावची गाडी कधी आहे ते विचारायला गेले.

भरलेल्या गाडीत ती गोळी ओळखणारा एकच माणूस असेल, आणि तोच माझ्या सॅकशेजारी उभा राहिला. याला योगायोग म्हणून पाहिलं, पण मन मानत नाही. संशय अजूनही येतो, स्वभावाला औषध नाही. पण सगळं आपल्याच मुठीत धरून चालत नाही, कुठेतरी मूठ सोडावी लागते, एवढं मला त्या दिवशी कळलं. आता संध्याकाळी गोळी घेतली की मी देवाचे आभार मानते, आणि मग आणखी एकदा हात जोडते, काकांच्या त्या मुलीसाठी. तिचं नाव विचारायचं मला सुचलं नाही.