कोचाबांबातलं लग्न

स्वतःच्या बायकोला मी पाठमोरी ओळखू शकत नाही. लग्नाला इतकी वर्षं झाली, तरीही.

हे उघडकीस आलं बोलिव्हियात. आमची ईशा नॉटिंगहॅमला स्पॅनिश शिकली आणि डिग्री हातात पडताच म्हणाली, "बाबा, आपण तिघं बॅकपॅकिंगला जाऊ. मेडनहेडच्या बाहेर पण एक जग असतो." (ईशाचा जन्म इंग्लंडमधला, आमच्या मेडनहेडचाच. तिच्या मराठीत जगसुद्धा पुरुष आहे.) माझी बायको शुभा लगेच तयार झाली. मीही ऑफिसला जाताना ट्रेनमध्ये ॲपवर स्पॅनिश शिकायला लागलो.

कोचाबांबा हे डोंगरांमधल्या खोऱ्यात वसलेलं शहर. हवा छान, पण उंची अशी की बुटाची नाडी बांधली तरी धाप लागते. दुपारच्या बसने पुढच्या गावी जायचं होतं, म्हणून सकाळी ईशाने आम्हाला तिथल्या अफाट बाजारात नेलं. माझा फोन, पासपोर्ट, पाकीट, सगळं शुभाच्या सॅकमध्ये होतं. ("अहो, तुमच्याकडे दिलं की हरवतं.")

मी उकडलेलं कणीस खात मागून चाललो होतो. पुढे शुभाची निळी सॅक. ती वळली, मी वळलो. ती मिनीबसमध्ये चढली, मी चढलो. मिनीबस सुटली, सॅकने मागे वळून पाहिलं आणि तिला मिशी होती.

सॅकमध्ये ॲकॉर्डियन होतं. मिशीवाला ते वाजवायला एका लग्नाला निघाला होता आणि बाकीचे सगळे वऱ्हाडी होते. कणीस सोडलं तर माझ्याजवळ काहीच नव्हतं. मी आमच्या हॉस्टेलचं नाव घोकत राहिलो. शेवटी मिशीवाल्याने तिथे फोन लावला, माझा पत्ता कळवला आणि मला मांडवात नेऊन जेवायला बसवलं.

मग एक आजीबाई मला नाचायला बोलवायला आल्या. मला अजून धाप लागत होती, उभं राहवत नव्हतं. मी छातीवर हात ठेवून नम्रपणे सांगितलं, "एस्तॉय कासादो." म्हणजे, मी दमलोय. आजींनी माझा गाल थोपटला. मग नवरीची मावशी आली, मग आत्या. प्रत्येकीला मी तेच सांगितलं आणि प्रत्येकीचे डोळे भरून आले. किती हळवी माणसं, मला वाटलं.

तेवढ्यात शुभा आणि ईशा धावत आल्या. शुभाचे डोळे रडून लाल झाले होते. ती काही बोलणार, इतक्यात सगळ्या बायकांनी तिला मिठीत घेतलं. ईशा त्यांचं बोलणं ऐकत ऐकत हसून खालीच बसली.

"आई, त्या म्हणतात तू लकी आहेस. नाचायला बोलावलं की बाबा सगळ्यांना सांगत होता, माझी लग्न झाली आहे."

"मी दमलोय म्हणत होतो!"

"ते कान्सादो, बाबा. कासादो म्हणजे मॅरीड."

शुभाने डोळे पुसले आणि माझ्याकडे शांतपणे पाहिलं.

"म्हणजे दमला नसतात, तर नाचला असतात?"

तोच मिशीवाल्याने ॲकॉर्डियन दुसऱ्याच्या हाती दिलं आणि शुभापुढे हात केला. तिने सॅक माझ्या मांडीवर ठेवली आणि गेली. ईशाही गेली. आमची बस केव्हाच सुटली होती. मी दोघींच्या सॅक कवटाळून बसलो. धाप आता पार थांबली होती, पाय ठेका धरत होते, आणि मांडवातली एकही बाई माझ्याकडे फिरकत नव्हती.