वयनीची सहावी गुहा

आमच्या कारापूरने या जगाला सर्वनाशापासून पाच वेळा वाचवले आहे. हे काम दुपारी दोन ते चार या वेळात चाले, कारण चारला नळाला पाणी येई आणि वयनीला घागरी लावायच्या असत.

वयनी म्हणजे आमची शेजारीण, पोस्टातून निवृत्त झालेली. भाच्याने दिलेल्या जुन्या संगणकात तिला एका खेळाचे सहाच्या सहा भाग सापडले. तलवारी, मंत्र, गुहा आणि प्रत्येक भागाच्या शेवटी जग गिळायला टपलेला एक ड्रॅगन. निवृत्तीनंतर लोक देवस्थानच्या कमिटीवर जातात. त्या मानाने हा मार्ग कमी रक्तपाताचा होता.

खेळातल्या नव्या शहरात शिरली की ती एकूण एक दार ठोठावी. एखादे घर राहिले तर पोस्टाची बदनामी व्हावी, असा तिचा आव असे. गुहांचे नकाशे ती जुन्या फॉर्मांच्या पाठीवर लाल-निळ्या शाईने काढी. मी दहा मिनिटांसाठी जाई आणि दोन तास खुर्चीच्या टोकावर बसून राही. भिंतीआडून सांगाडे आले की आम्ही दोघेही श्वास रोखत असू.

खेळात चार वीर घेऊन त्यांना नावे द्यायची असतात. चेटकीण ती स्वतः, मागच्या दोघी तिच्या बहिणी आणि सरदार म्हणजे तिचा नवरा, खाणीवर टिपर चालवलेले अण्णा. लढाईत दर वेळी आपणच आधी का मरतो, असे अण्णांनी एकदा विचारले. "तुमी फुडें आसतात म्हूण," ती मान न वळवता म्हणाली.

वीरांना प्रवासात शिधा लागे. दोन दिवसांच्या वाटेला वयनी वीस दिवसांचे पाव बांधून घेई. "उपाशी माणूस झुजतलो कसो?"

शेवटच्या लढाईआधी मात्र ती देवळात प्रसाद लावी, म्हणजे देवाचा कौल घेई. देवाच्या अंगावर चिकटवलेली उजवी पाकळी पडली तर हो, डावी पडली तर नाही. ड्रॅगन कसा सांगणार? ती भटजींना म्हणे, एका डोंगराचे प्रकरण आहे, आत कोणी ठाण मांडून बसलाय. पाच वेळा उजवी पडली, पाच ड्रॅगन मेले. सहाव्या वेळी डावी पडली. भटजींनी वकील बदलायला सांगितले.

वयनी गुहेच्या तोंडाशी थांबली ती थांबलीच. मी वर्षभर विनवण्या केल्या. "देवान ना म्हटलां," एवढेच उत्तर. मग गुडघ्यांनी जिना नको म्हटला आणि मुलीने दोघांना फोंड्याला नेले. जाताना वयनीने संगणक माझ्या टेबलावर ठेवला. "सहावो तुमी मारा, भावजी. पूण प्रसाद लावून. तो मेलो म्हणजे माका कळय."

पुढच्या मंगळवारी मी तिला फोन केला आणि प्रसाद लावला, उजवी पडली, असे सांगितले. मी देवळाकडे फिरकलोही नव्हतो. पाकळ्यांवर माझा विश्वास नाही आणि पुन्हा डावी पडताना पाहायचा धीर तर त्याहून नव्हता. चालू फोन टेबलावर ठेवला, पलीकडून वयनी मंत्र सांगत होती, अण्णा स्वतःची प्रकृती विचारत होते. ड्रॅगनने डोळा उघडला. मी सरदाराला पुढे केले आणि त्याची थैली उघडली. थैलीत पाव होते. नुसते पाव.

"वयनी, अण्णांची तलवार?"

"ती सरायीत दवरली. पावांक जागो खंय आसलो?"

दोन फुंकरींत चौघेही गेले. वयनी हळूच म्हणाली, "भावजी, पाकळी उजवीच पडली मगे?"

जगाचा सर्वनाश तीन वाजून दहा मिनिटांनी झाला. चारला नळाला पाणी आले.