पाडव्याची धिंगरी

माझ्या धाकट्या जावेने गाझियाबादच्या घरातल्या गॅरेजमध्ये मशरूम लावायचं ठरवलं, तेव्हा खर्चाची यादी करायचं काम आपसूक माझ्याकडे आलं. दिल्लीत सरकारी नोकरीची बावीस वर्षं मी याद्या करण्यातच घालवली आहेत. सरोजिनी नगरच्या आमच्या क्वार्टरमधून रविवारी निघाले ती वही घेऊनच.

गव्हाचा भुसा, बियाणं, प्लास्टिकच्या पिशव्या, भुसा उकळायला गॅस, फवारणीचा पंप, वीज, रिक्षाभाडं, हमाली. रॅकचा खर्च मी तीन वर्षांवर वाटून धरला. ‘नमुने’ हे कलम जावेने घालायला लावलं. इकडच्या लोकांना गोल बटण मशरूम ठाऊक. धिंगरी म्हणजे शिंपल्यासारखी पसरट, राखाडी अळंबी. ती दाखवली की विचारतात, “ये खराब तो नहीं हो गया?” मग आधी चाखायला फुकट द्यावी लागते.

पैसे तिचेच होते. नोकरी सोडून तीन वर्षांपूर्वी साताऱ्याहून इकडे आली तेव्हा शाळेकडून मिळालेले. गॅरेज मात्र माझ्या दिरांनी नव्या गाडीसाठी बांधलेलं.

“वहिनी, तुमच्यासमोर सांगतो,” ते म्हणाले. “पहिला माल विकून घातलेले पैसे निघाले, तर गॅरेज हिचं. नाहीतर गाडी आत आणि मशरूम बाहेर.”

“मशरूमला ऊन चालत नाही,” जाऊ म्हणाली.

“गाडीलासुद्धा नाही!”

पिशव्या भरल्यापासून माल निघायला साधारण चोवीस दिवस लागतात. मी माझं मराठी कॅलेंडर काढलं आणि गुढीपाडव्यापासून उलटे दिवस मोजले. सण, घरोघरी पाहुणे, माल हातोहात जाईल. पिशव्या भरायची तारीख मी लाल शाईने लिहून दिली.

तिने साठ पिशव्या भरल्या. उकळलेला भुसा मुठीत दाबून बघायची. पाणी टपकलं तर पुन्हा पसरायचा. तळवा नुसता ओलसर झाला की भरायचा. भुशाचा एक थर, बियाण्याचा एक थर. पुढे दिवसातून चार वेळा फवारणी आणि दार किती उघडं ठेवायचं याचा सारखा अंदाज. मी दर रविवारी जाऊन बघायची. साठातली एकही पिशवी दुसऱ्या बुरशीने हिरवी पडून वाया गेली नाही. पहिल्या खेपेला हे मोठंच काम होतं.

पाडव्याच्या सकाळी मी श्रीखंडाचा डबा घेऊन पोचले, तेव्हा अकरा किलो धिंगरी कापून तयार होती. जावेने ठरलेल्या केटररला फोन लावला.

“मैडम, आज से नवरात्रे हैं,” तो म्हणाला. “नौ दिन मशरूम कौन खाएगा?”

माल घ्यायचं कबूल केलेल्या दोन्ही भाजीवाल्यांनी तेच सांगितलं.

आपल्याकडे नवरात्राचे उपास म्हटले की आश्विन, चैत्र म्हणजे कैरीची डाळ आणि हळदीकुंकू. पण दिल्लीत चैत्रातही उपास असतात, हे दर वर्षी ऑफिसच्या कँटीनमध्ये मी डोळ्यांनी बघते. ती बिचारी माझ्या मानाने नवीन, तिने तारीख माझ्यावर सोडली होती.

“अगं, माझीच चूक,” मी म्हणाले.

“वहिनी, हळहळायला वेळ नाही. ही दोन दिवसांत पिवळी पडेल. उपास न करणारे कुठे भेटतील ते बघू.”

समोरच्या सोसायटीच्या लॉबीत फ्लॅटवार आडनावांचा फलक होता. ती त्यावरून बोट फिरवत गेली. “हे बंगाली. हे केरळचे. हे ओडिशाचे असतील. लिहा नंबर.” मी लिहिले. चौथ्या मजल्यावरच्या बंगाली आडनावाचं दार एका पंजाबी सुनेने उघडलं. मागे घट मांडलेला.

“आंटी जी, व्रत है!”

“तो नवमी के बाद खाइए,” जाऊ म्हणाली. “सुखाकर ला दूँगी.”

सून हसली आणि पाव किलो सांगून मोकळी झाली. त्या दारातच सुकवायची कल्पना निघाली. संध्याकाळपर्यंत सात किलो खपली. उरलेली आम्ही हाताने फाडून गच्चीवर सुती साडीवर पसरली. इथला चैत्रातला वारा कोरडा. दोन दिवसांत कुरकुरीत झाली. दहा किलोची एक किलो होते. तेही मी लिहिलं.

चार दिवसांत पहिली तोडणी संपली; मी रजा टाकून तिथेच राहिले होते. सुक्या मालाच्या मागण्या धरून बेरीज केली, तर घातलेले पैसे जेमतेम निघत होते. मी वही मिटायला लागले.

“माझे दिवस लिहा की,” जाऊ म्हणाली.

“अगं, घरच्या माणसाची मजुरी कोणी धरतं का?”

“भुसा उतरवायला आलेल्या माणसाची धरलीत ना?”

“तुझी धरली तर पैसे निघत नाहीत. गॅरेज जाईल.”

“जाऊ दे. पण ती न धरता भाव लावला, तर मी पुढची सगळी वर्षं फुकट राबेन आणि मला कळणारही नाही.”

मी लिहिलं. माझ्या इतक्या याद्यांमध्ये असं कलम कोणी स्वतःहून, स्वतःच्याच विरुद्ध, घालायला लावलं नव्हतं.

रात्री जेवायच्या टेबलावर दिरांनी वही शेवटच्या ओळीपर्यंत वाचली.

“म्हणजे पैसे निघाले नाहीत.”

“नाही निघाले,” जाऊ म्हणाली.

“मग त्या पिशव्या आता टाकायच्या?”

“त्यांतून अजून दोनदा माल निघतो. नवा भुसा नको, बियाणं नको. फक्त पाणी आणि मी.”

त्यांनी मजुरीची ओळ पुन्हा वाचली. “रोज सहा तास?”

“पहाटेची फवारणी धरलेली नाही.”

दुसऱ्या दिवशी सकाळी ते चहा घेऊन बाहेर पडले आणि तासाभराने परत आले. मी खिडकीतून पाहिलं, तर तुतीच्या झाडाखाली उभ्या गाडीवर ते एक चंदेरी कव्हर चढवत होते. एक टोक बसवलं की दुसरं निसटत होतं.

जाऊ माझ्या शेजारी येऊन उभी राहिली.

“अहो, केवढ्याला पडलं?”

“साडेआठशे!”

ती माझ्याकडे वळली. “वहिनी, लिहा. गाडीचं कव्हर.”